दयेचे ऋण : मार्कंडेयकथा व एक ख्रिस्ती दृष्टांत

गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगातीरीचे मार्कंडा हे क्षेत्र ज्या कथेशी निगडित आहे, तीत यमधर्माचा नियम शिवकृपेपुढे हटतो. मार्कंडेयाला आयुष्य लाभते. त्या कृपेची फेड कोणा माणसाप्रत करावी, असे कथा म्हणत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील दृष्टांत येथे निराळा ठरतो. राजाने १०,००० टॅलेंटांचे ऋण सोडलेला दास १०० दिनारांसाठी सोबत्याला बंदीत घालतो आणि स्वतःची माफी गमावतो. अर्थात लाभलेली दया आपसांतील तंट्यातही बंधनकारक होते. तथापि राजा असो वा दास, ऋण सोडण्याचा अधिकार धनकोचाच, हे विसरता येत नाही. पीडिताने स्वेच्छेने सोडलेला हक्क ही दया होय. बलिष्ठाने दुर्बलाकडून ती वसूल करणे हा नवा अन्यायच होय.