पात्र वाढतें तें कशानें?

पट मांडून खेळावयाच्या खेळांची परीक्षा वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर असें कीं, ज्या खेळांत दुसऱ्याचें सोंग घेऊन त्याचें आयुष्य पुढें न्यावयाचें असतें, तो खेळ कादंबरीचा सख्खा भाऊ होय. तुमचा नायक बदलला तो कशामुळें, हा प्रश्न आपण कादंबरीकारास विचारतों; तोच या खेळांच्या कर्त्यांसहि विचारणें न्याय्य आहे.

खेळाची रीत थोडक्यांत अशी. चार-पांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीच्यांपैकीं प्रत्येकाजवळ एक कागद असतो आणि त्यावर त्याच्या पात्राचें बळ, बुद्धि, चापल्य व अंगचीं कसबें आंकड्यांनीं मांडलेलीं असतात. काय करावयाचें तें खेळणारानें बोलावें, साधलें कीं नाहीं तें फाशानें ठरावें. असा डाव महिनोन्‌महिने चालतो आणि आंकडे वाढत जातात. ते कशाबद्दल वाढावेत, यांतच त्या त्या खेळाचें नीतिशास्त्र दडलेलें असतें. आपल्याकडील मोक्षपटांत हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें सोंगटी शिडीनें वर चढते, सापाच्या तोंडून खालीं येते. पण शेवटच्या घरांत पोंचलेली सोंगटी पहिल्या घरांत होती तीच असते. तिची जागा सुधारते, ती सुधारत नाहीं.

या जातीचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पात्रें पायऱ्यापायऱ्यांनीं चढतात. लढवय्यास दुसरी पायरी गांठण्यास अनुभवाचे २,००० गुण लागत, जादुगारास २,५००. आणि भुयारांतून बाहेर आणलेलें सोन्याचें एक नाणें म्हणजे एक गुण! जळगांवच्या सराफ्यांत जन्म घालविलेला मनुष्यहि हा हिशेब ऐकून चकित होईल. सोन्यानें पत वाढते हें त्यास ठाऊक आहे. सोनें घरीं आणल्यानें तलवारीचा हात सुधारतो, हें त्यानें कधीं ऐकिलें नसेल. तथापि नियम दिसतो तितका वेडगळ नाहीं. राक्षस मारण्यापेक्षां सोन्यास मोल अधिक, म्हणून शहाणा खेळाडू लढाई टाळून युक्तीनें काम साधी. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत दुसऱ्या पायरीस ३०० गुण पुरतात, आणि वाटल्यास सूत्रधारानें कथेच्या वळणावर सर्वांस एकदम पायरी चढवावी अशीहि मुभा आहे. पण मूळ दोष राहिलाच: पायरी चढली कीं, ज्याचा उपयोग मुळींच केला नाहीं तें सामर्थ्यहि वाढतें.

पायऱ्यांचा हा अभिमान आमच्या खानदेशास नवा नाहीं. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याच्या नांवाचें मंदिर उभें आहे, त्या चांगदेवाची कथा घ्या. परंपरा म्हणते कीं, योगबळानें तो १४०० वर्षें जगला आणि वाघावर बसून आला. सामर्थ्याच्या यादींत उणें कांहीं नव्हतें. परंतु ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसला, तेव्हां वयानें लहान व ज्ञानानें थोर अशास आशीर्वाद लिहावा कीं नमस्कार, हेंच त्यास उमगेना, आणि कागद कोराच गेला. पुढें चिमुकली मुक्ताबाई त्याची गुरु झाली. गायगॅक्सच्या कोष्टकांत या प्रसंगास जागा नाहीं.

याहून आम्हांस अधिक मानवतो तो १९७८ चा 'रूनक्वेस्ट'. त्यांत पायऱ्या नाहींत. जें कसब साहसांत वापरलें व साधलें, त्यापुढें खूण करावयाची. साहस संपल्यावर शंभराचे फांसे टाकावयाचे. दान सध्यांच्या आंकड्याच्या वर पडलें तरच तें कसब वाढतें. म्हणजे तिसावर असलेल्या नवशिक्यास शंभरांत सत्तर वेळां लाभ, नव्वदावर पोंचलेल्या उस्तादास जेमतेम दहा वेळां. खापरावरचे मांडे करणाऱ्या कोणत्याहि खानदेशी गृहिणीस हें पटेल. पहिल्या वर्षांत हात झपाट्यानें वळतो. पुढें मांडा तळहातांवरून कोपरापर्यंत फिरवितांना कांठ व मध्य सारखा पातळ राहणें, ही शेवटची किमया साधण्यास उभा जन्म लागतो. धुळ्यास ज्यांचा अंत १९२६ सालीं झाला, त्या राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, तेहि जीर्ण दप्तरें एकामागून एक वाचूनच. त्यांची मोडी वाचण्याची दृष्टि सोन्याच्या हंड्यानें वाढली नव्हती.

पण येथेंहि एक उणीव आहे. खूण पडते ती साधलेल्या कामापुढें, आणि मांडा शिकतांना तर मुलगी फाटलेल्या मांड्यापासून अधिक शिकते. ही उणीव २०१२ च्या 'डंजन वर्ल्ड'नें भरून काढली. तेथें दोन फांशांचें दान सहा किंवा खालीं पडून काम फसलें कीं अनुभवाचा गुण मिळतो. आमच्या मतें या क्षेत्रांतील हा सर्वांत शहाणा नियम होय. मुलास हरण्याची भीति वाटेनाशी होते, हा लाभ वेगळाच. १९७७ चा 'ट्रॅव्हलर' मात्र पेन्शनरांचा खेळ म्हणावा: चार-चार वर्षांची नोकरी करून कसबें आधींच कमवावयाचीं, आणि खेळ सुरू झाल्यावर वाढ फारशी नाहींच.

आतां असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचा कागद मांडून पाहूं. वाचन शून्य, लेखन शून्य. त्यांचीं गाणीं पुत्र सोपानदेवांनीं उतरून घेतलीं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, तीं पुस्तकरूपानें निघालीं. रूनक्वेस्टच्या नियमानें जात्यावर गातां गातां गाण्याचा आंकडा वाढेल, हें ठीक. परंतु तरुणपणींच आलेल्या वैधव्यानें त्या गाण्यांत जें आलें, तें कोठें मांडावें? १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'त भयंकर दर्शनानें पात्राची विवेकबुद्धि घटत जाते. म्हणजे आघाताची वजाबाकी त्या कर्त्यांस सुचली. आघाताची बेरीज वर सांगितलेल्या एकाहि खेळांत नाहीं. तोंपर्यंत ज्या घरीं मुलें असा खेळ मागत असतील, तेथें वडील माणसांनीं 'डंजन वर्ल्ड' आणावा आणि पहिल्या डावास सूत्रधार स्वतः व्हावें.