श्रोता हरपलेली कला

‘कॅबरे’ म्हणताच आपल्या मनात हिंदी चित्रपटांतील उत्तान नृत्य उभे राहते. व्हिएन्ना व बर्लिन येथील मूळ कॅबरे मात्र आपल्या तमाशातील बतावणीस अधिक जवळचा होता. लहानसा मंच, चार गाणी आणि सत्ताधाऱ्यांस चिमटे काढणारी हजरजबाबी वाणी, एवढेच त्याचे भांडवल. त्याचे सारे सामर्थ्य बोलीच्या लकबीत होते. हिटलरच्या राजवटीत यहुदी कलावंतांवर देशत्यागाची वेळ आली, तेव्हा हेच सामर्थ्य त्यांस अडचणीचे ठरले.

बर्लिनचा नामांकित नट व गायक कुर्ट गेरॉन १९३३ साली जर्मनी सोडून पॅरिसला आणि पुढे हॉलंडात गेला. आपल्या बोलीचा मोठा श्रोतृवर्ग त्यास पुन्हा लाभला, तो १९४४ साली थेरेझिनश्टाटच्या बंदिवासात! तेथे त्याने ‘कारुसेल’ नावाचा कॅबरे उभा केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ऑश्विट्झ येथे त्याची हत्या झाली.

त्याच काळात मुंबईस आलेल्या यहुदी कलावंतांची गोष्ट निराळी. संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ साली आले आणि १९३७ ते १९४६ पर्यंत मुंबई आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख राहिले. तंबोऱ्याच्या नादावर उमटणारी आकाशवाणीची संकेतधून त्यांचीच मानली जाते. खडेबाजारातील कित्येक घरांची सकाळ तिने उजाडली असेल. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर १९३९ साली आल्या व १९४१ मध्ये त्यांनी मुंबईत नृत्यशाळा काढली. स्वराला आणि देहाच्या लयीला दुभाषा लागत नाही. विनोदाला मात्र तो मिळूनही उपयोग नसतो.

मग परमुलखात बोली टिकतच नाही काय? सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. देवांमागून भक्तगण गेले, म्हणून आरती आणि कोकणी बोलही जिवंत राहिले. गावोगाव विखुरलेल्या आपल्या समाजाची भाषाही अशाच सोबतीने टिकली. गेरॉनच्या वाट्यास ही सोबत आली ती केवळ मृत्यूच्या उंबरठ्यावर.

म्हणून कॅबरेच्या त्या गाण्यांचे मूल्यमापन केवळ छापील शब्दांवरून करणे अन्यायाचे होईल. त्यांचा अर्धा अर्थ श्रोत्यांच्या हशात होता, आणि तो हसणारा समाजच नष्ट करण्यात आला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणांस ही हानी अधिक उमगावी. कलावंतास आश्रय देणे म्हणजे त्यास छप्पर देणे खरेच. परंतु त्याची बोली ऐकणारे चार कान राखणे, हे त्याहून मोठे पुण्य होय.