‘स्थानिक नाव’ आणि ‘उपयोग’ : सर्वेक्षण पेपरमधले दोन कच्चे रकाने

चंद्रपूर-गडचिरोलीच्या औषधी वनस्पतींवर काम करायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात एका विशिष्ट साच्याचे पेपर तुमच्यासमोर येतील. शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, वापरायचा भाग, उपयोग. पाच रकाने, खाली लांबलचक यादी. हे पेपर निरुपयोगी नाहीत. पण यातले दोन रकाने फार ढिसाळ भरलेले असतात, आणि पुढचं सगळं संशोधन त्यांच्यावरच उभं राहतं.

पहिला रकाना ‘स्थानिक नाव’. स्थानिक म्हणजे कोणाचं? मोहाला गोंडीत इरुप म्हणतात, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे इप्पा म्हणतात. तमिळमधलं इलुप्पै हे याच शब्दांचं भावंड. म्हणजे नावात भाषेचा इतिहास असतो. पेपरमध्ये मात्र नुसतं ‘मोह’ छापलेलं दिसतं. माहिती कोणत्या भाषेत, कोणाकडून मिळाली, ते तिथंच पुसलं जातं.

याहून धोक्याचं उदाहरण किराईत. पालेकिराईत म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, आणि काडेकिराईत म्हणजे स्वर्टिया चिरायिता. दोन्ही कडू, दोन्ही तापावर देतात. पण स्वर्टिया हिमालयातल्या थंड उंचीवरची वनस्पती आहे. आपल्या जंगलात ती उगवत नाही, बाजारातून येते. एकीत अँड्रोग्राफोलाइड, दुसरीत अमॅरोजेंटिन. यादीत नुसतं ‘किराईत’ वाचून तुम्ही रासायनिक तपासणी केलीत, तर निष्कर्ष नेमका कोणत्या झाडाचा?

‘शास्त्रीय नाव लिहिलंय ना, मग झालं’ असंही नाही. जुन्या ग्रंथांत मोह बासिया लॅटिफोलिया आहे, आज तो मधुका आहे, आणि बासिया हे नाव चाकवताच्या जवळच्या वेगळ्याच प्रजातीचं आहे. धावड्याला 2017 मध्ये ॲनोगायससमधून टर्मिनॅलियात हलवलं गेलं. एकाच नावानं शोध घेतलात तर अर्धं साहित्य हाती लागणार नाही.

दुसरा रकाना ‘उपयोग’. बाई सांगते ‘धुपणी’, पेपरमध्ये येतं ‘ल्युकोऱ्हिया’. ती सांगते ‘अशक्तपणा’, छापतात ‘ॲनिमिया’. धुपणी हे लक्षण आहे; त्यामागे जंतुसंसर्ग असेल किंवा काहीच आजार नसेल. आणि सिकलसेल असलेल्या या भागात ‘अशक्तपणा’चं असं भाषांतर करणं तर फारच घाईचं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा 1989 चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास वाचा. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. जिथं तपासणीच होत नव्हती, तिथं झाडपाल्यासमोर रोगाचं डॉक्टरी नाव कोणत्या आधारावर लिहायचं?

त्यांचंच ‘गोईण’ही वाचा. गोईण म्हणजे मैत्रीण. तिथं गडचिरोलीतल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं आहे, नुसती ‘उपयोगी भागां’ची यादी नाही. त्यावरून वनस्पतीची ओळख पक्की करू नका, ते पुस्तकाचं कामच नाही. पण सांगणाऱ्या बाईचं बोलणं कसं ऐकायचं, ते तिथं शिकता येतं.

मग तुम्ही काय करायचं? तीन गोष्टी.

एक, प्रत्येक नावापुढं भाषा आणि गाव लिहा.

दोन, फुला-फळांसकट नमुना दाबून, वाळवून हर्बेरियमला द्या आणि त्याचा क्रमांक पेपरमध्ये छापा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आघारकर संस्थेचाही संग्रह आहे. नाव उद्या बदललं तरी त्या क्रमांकावरून झाड सापडेल.

तीन, आजाराचे दोन रकाने करा. एकात सांगणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा. दुसऱ्यात वैद्यकीय निदान, तेही तपासणी झाली असेल तरच. नाहीतर तो रकाना कोरा सोडा. परीक्षकानं विचारलं तर कोऱ्या रकान्याचं कारण देता येतं. अंदाजानं भरलेल्याचं देता येत नाही.