तेरावं पान आणि तेरवी

बाबा गेले ते पेरणीच्या तोंडावर. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि रात्री मी मोबाईल चाळत पडलो होतो. एका रीलमध्ये टॅरोचं डेथ कार्ड निघालं. वाचणारी ताई लगेच हसून म्हणाली, ‘घाबरू नका, हा मृत्यू नाही, नवी सुरुवात आहे!’ मला राग आला. आमच्या नांदुऱ्याच्या घरात नुकतंच एक माणूस कमी झालं होतं आणि ती सुरुवात मला नको होती.

मग मी ते चित्र नीट पाहिलं. 1909 साली लंडनमध्ये आलेल्या रायडर-वेट संचातलं हे पान पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलं. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. आपल्या डोळ्यांना हे विचित्रच वाटतं, कारण आपला यम रेड्यावर येतो. पांढऱ्या घोड्यावर येतो तो खंडोबा, नाहीतर नवरदेव. सांगाड्याच्या हातात काळं निशाण, त्यावर पांढरं गुलाबाचं फूल.

पण खरी गोष्ट खाली जमिनीवर आहे. राजा पडलाय, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडून उभा. तरुणीने तोंड फिरवलंय. लहान मूल मात्र घोड्याकडे थेट पाहतंय. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. तो उगवतोय की मावळतोय, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही.

म्हणजे ‘बदल’ हा अर्थ चूक नाही, अर्धवट आहे. राजा खरोखर मेलाय. त्याच्यावरून उडी मारून थेट सूर्यापाशी पोचणारं वाचन मला खोटं वाटतं. ते माणसाला धीर देत नाही, त्याला रडायची जागा नाकारतं. आणि ‘हे पान निघालं, आता कोणीतरी जाणार’ असं घाबरवणारं वाचनही तितकंच आळशी. तेही राजापाशीच थांबतं, त्या मुलाकडे पाहतच नाही.

याहून जुन्या मार्से पद्धतीच्या पत्त्यांत घोडा नाही. तिथे सांगाडा विळ्यासारखं लांब दांड्याचं पातं घेऊन कापणी करतो. जमिनीवर तुटलेली मुंडकी, हात, पाय आणि त्यांच्याच मधून उगवलेली रोपं. कित्येक संचांत या पानावर नावच छापलेलं नसतं, फक्त तेरा हा आकडा. हे चित्र मला जास्त ओळखीचं वाटलं. वावरातली पऱ्हाटी उपटल्याशिवाय पुढची पेरणी होत नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

तेराचा आकडा आणि तेरवी, हा निव्वळ योगायोग. पण मला त्याने मदत केली. तेरवीला गोड जेवण होतं, मामा टॉवेल-टोपी देतो, सुतक सुटलेलं असतं. तरी त्या पंगतीत कोणी म्हणत नाही की माणूस गेलाच नाही. आधी बारा दिवस रडून घेतलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आजी मला म्हणाली, ‘गेलेला येत नाई बापा, पन वावर वाट पायते.’ हे बोलताना ती रडत होती. तिच्या एका वाक्यात राजाही होता आणि मूलही.

तुमच्यासमोर कधी हे पान निघालं, तर अर्थ विचारायची घाई करू नका. आधी घोड्याखाली कोण पडलंय ते पाहा.