प्रश्नांचीही नोंद हवी

न्यायालयात साक्षीदाराची जबानी सामान्यतः सलग निवेदनाच्या रूपाने लिहिली जाते. वकिलाचा प्रश्न गळतो, उत्तर तेवढे उरते. मात्र मुद्दा नाजूक असेल तेथे न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर दोन्ही उतरवून घेतात. साक्षीदार अडखळला, तर तसा शेराही मारतात. कलावंतांच्या आठवणींना हा नियम का लावू नये, असा विचार खाँसाहेब अल्लादिया खाँ यांचे आत्मवृत्त वाचताना आमच्या मनात आला.

खाँसाहेबांनी (१८५५–१९४६) उतारवयात नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या या आठवणी इंग्रजी अनुवादाच्या रूपाने २००० साली प्रसिद्ध झाल्या. ज्यांचा ऐन उमेदीतला आवाज बसला आणि ज्यांनी त्यातूनच नवी गायकी उभी केली, त्यांचेच शब्द आपल्या हाती यावेत, हे नातवाचे थोर उपकार होत. परंतु पुस्तकात बोलतात ते खाँसाहेब. नातू दिसतो तो केवळ श्रोता म्हणून. त्याने काय विचारले, विचारता विचारता त्याची जीभ कोठे अडली, हे कळावयास मार्ग नाही. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या खाँसाहेबांच्या थोर शिष्या. दोघीही देवळांच्या आश्रयाने कला जोपासलेल्या समाजातून आलेल्या. त्यांच्याविषयी नातवाने काय विचारले आणि काय गाळले, हे वाचकाने कशावरून ठरवावे?

दुसऱ्याच्या पदरी दोष बांधणे सोपे. तोच दोष आमच्याही हातून घडला आहे. मुळगावी, श्रीकेळबाईच्या छायेत राहणाऱ्या एका वयोवृद्ध पखवाजवादकांची आम्ही मुलाखत घेतली. भर न्यायालयात उलटतपासणी करणारे आम्ही. पण त्यांच्या ओसरीवर बसताच घशाला कोरड पडली. वीस प्रश्न लिहून नेले होते, ते हातातल्या कागदासह थरथरू लागले. बुवांनी ते पाहिले आणि म्हणाले, “बाबा, पयलीं ताळ धर, मागीर विचार.” आम्ही चौताल धरला. तिसऱ्या आवर्तनात सम चुकली. बुवा मनमोकळे हसले आणि तेथून पुढे बोलू लागले. अज्ञान उघडे पडले, म्हणूनच ती मुलाखत झाली.

मात्र एका प्रश्नावर आम्ही घरीच काट मारली होती. उत्सवात ज्या स्त्रियांच्या गाण्याला बुवांनी ठिकठिकाणच्या देवळांत साथ केली, त्यांच्याविषयीचा तो प्रश्न होता. बुवांना अवघडल्यासारखे होईल, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. निघताना तेच म्हणाले, “त्या बायलांविशीं विचारूंक ना तुवें.” मग त्यांनी एकेकीची बंदिश सांगितली, लयीची खोड सांगितली, आणि एका नावापाशी ते बराच वेळ गप्प राहिले.

आदर आणि संकोच या दोन भिन्न गोष्टी आहेत. आदराने प्रश्न सावकाश विचारला जातो. संकोचाने तो विचारलाच जात नाही. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. ज्यांच्या सेवेने आपली देवळे शतकानुशतके नादमय झाली, त्या स्त्रियांची नावे आपल्या देवस्थानांच्या स्मरणिकांत किती सापडतात, हे महाजनांनी आपापली स्मरणिका उघडून पाहावे.

त्या दिवशीचे टिपण आम्ही पुन्हा लिहून काढले आहे. त्यात आमची चुकलेली सम आहे, काट मारलेला प्रश्न आहे, आणि बुवा जेथे गप्प राहिले तेथे तसा शेरा आहे. गावोगावी असे वृद्ध अजून आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी भीत भीतच जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र जे विचारावयाचे राहिले, तेही लिहून ठेवावे.