प्रतिकृतीवरून वाफेच्या मोटारगाडीची ओळख : एका नामपट्टिकेचें परीक्षण

कळंब येथील एका परिचित गृहस्थांच्या संग्रहांत एक आगगाडीची प्रतिकृति नुकतीच आमच्या पाहण्यांत आली. एकच लांब डबा, त्याखालीं चार-चार चाकांचे दोन गाडे, एका टोकाशीं छतांतून वर आलेलें आंखूड धुराडें. तळाशीं ‘शकुंतला रेल्वेची जुनी वाफेची गाडी’ अशी पट्टिका चिकटविलेली आहे. ही ओळख कितपत ग्राह्य आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

प्रथम जाति ठरवूं. वाफेच्या रेल्वेमोटारींत इंजिन व उतारूंची जागा एकाच वाहनांत असते. इंग्लंडांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें १९०३ सालीं अशा गाड्या चालू केल्या; त्यांचा उभा बॉयलर डब्याच्या भिंतींआड झांकलेला असे. अमेरिकेंत १९०५ सालीं निघालेली मॅकीन मोटार निमुळत्या तोंडाची व गोल खिडक्यांची, परंतु ती पेट्रोलवर चाले. धुरावरून अग्नीचें अनुमान नैयायिकांनीं केलें. येथें धूर नाहीं, केवळ धुराडें आहे, आणि धुराडें स्वयंपाकाच्या डब्यासही असूं शकतें. तेवढ्यावर विसंबल्यास अतिव्याप्ति होईल. मात्र प्रस्तुत प्रतिकृतींत धुराड्याखालच्याच गाड्यास सिलिंडर व चाकें जोडणारे दांडे आहेत. सबब ही वाफेची मोटार होय, हा पट्टिकेचा अर्धा भाग आम्हांस मान्य आहे.

उरला अर्धा ‘शकुंतला’ हा. त्याची कसोटी मोजमाप. प्रतिकृतीच्या चाकांस लागणाऱ्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, दाराची उंची सुमारें २४. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गाचें अंतर ७६२ मिलिमीटर होतें. म्हणजे प्रमाण १:४६ धरावें लागेल, व सहा फुटी दार ४० मिलिमीटर उंच हवें. उलट २४ मिलिमीटरचें दार सहा फुटांचें मानल्यास प्रमाण १:७६ येतें, आणि रूळ १२५४ मिलिमीटरवर पडतात. ही विसंगति इंग्लंडांतील प्रतिकृतिकारांची परिचित तडजोड आहे : ‘ओओ’ प्रमाणांत डबा १:७६ चा करून तो १६.५ च्या रुळांवर बसवितात, आणि तेच रूळ १४३५ मिलिमीटरचे समजतात. यावरून ही वस्तु इंग्लिश वळणाची ठरते.

शकुंतलेविषयींची माहितीही याच बाजूची आहे. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें व १९९४ पर्यंत त्या मार्गावर राबलेलें प्रसिद्ध इंजिन डबे ओढणारें स्वतंत्र इंजिन होतें. तें मोटार नव्हतें.

एका पट्टिकेसाठीं एवढा खटाटोप कां, असें कोणी विचारील. शकुंतलेची गाडी थांबली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा-कळंब रुंद मार्गाचें उद्घाटन झालें. आजच्या मुलांस जुना अरुंद मार्ग यापुढें अशा वस्तूंवरूनच कळणार. आजची चूक उद्यां लेखांत शिरेल व परवां प्रमाण म्हणून उद्धृत होईल. कालिदासाच्या शकुंतलेची ओळख अंगठीनें पटली, कारण तींत राजाचें नांव मुळांतच कोरलेलें होतें. येथें नांव मागाहून, परक्या हातानें चिकटविलें आहे.

संग्राहकांची आस्था आम्ही जाणतों. त्यांनीं पट्टिकेवर ‘इंग्लिश पद्धतीच्या वाफेच्या रेल्वेमोटारीची प्रतिकृति’ एवढेंच लिहावें, व वस्तु कोठून, कोणाकडून आली याची नोंद सोबत ठेवावी, अशी आमची विनंति आहे.