खेळयंत्राची निवड आणि कृतीचा आस्वाद

सोलापुरी चादरीची नक्षी बदलावयाची तर जेकार्ड माग बदलावा लागत नाही. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की पुरते. मात्र एका मागासाठी पाडलेले पुठ्ठे निराळ्या रचनेच्या मागावर चालत नाहीत. व्हिडिओ खेळयंत्रांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स की निन्टेंडो स्विच, हा वाद सामान्यतः वेग, चित्राची सुस्पष्टता आणि किंमत यांच्याच आधारे चालतो. समीक्षाही तो ग्राहकाचा प्रश्न म्हणून बाजूस सारते. हे योग्य नव्हे. यंत्र निवडताना कोणत्या कृती रसिकापर्यंत केव्हा पोचाव्यात, हेही काही अंशी ठरून जाते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेची ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ही कृती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २०१७ मधील लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही ती सिद्धीस गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम स्विचवर प्रसिद्ध झाली. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणक यांवर ती ऑक्टोबरात आली. निन्टेंडोने भारतात या यंत्राची अधिकृत विक्री केलेली नव्हती. म्हणजे पुण्यात घडलेली कृती सोलापूरच्या रसिकाने एकतर दोन महिने थांबून पाहावी, नाहीतर आडमार्गाने आलेले यंत्र घ्यावे! निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे. पण अल्प भांडवलाच्या संस्थेस जागतिक बाजारात मिळणारे अग्रस्थान नाकारणे परवडत नाही.

आस्वादाचा प्रश्न मात्र उरतोच. भावाला असुरांच्या तावडीतून सोडविण्यास निघालेल्या राजीची ही कथा छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून उलगडते. वाटेतील भित्तिचित्रे देवदेवतांच्या आख्यानांना वाट करून देतात. झुंजीचे प्रसंग काहीसे एकसुरी आहेत. कृतीचे खरे सामर्थ्य वास्तुदृश्यांत आहे. तेथे दृष्टिबिंदू मुद्दाम दूर ठेवलेला असल्याने भव्य प्राकारांपुढे राजी चिमुकली दिसते. ही योजना मोठ्या पडद्यावर अर्थपूर्ण ठरते. स्विच हातात धरून खेळताना मात्र भव्यता आणि चिमुकलेपण दोन्ही आक्रसतात, भित्तिचित्रांचे बारकावे तर हरवतातच. स्विच दूरदर्शन संचास जोडता येतो हे खरे. पण तो घेण्यामागील मुख्य आकर्षण बहुधा हातात धरण्याचेच असते. तेव्हा ‘राजी’पुरती निवड करावयाची, तर उशिरा आलेल्या यंत्रांकडेच वळावे लागेल.